धुरातलं घर

लालबागला आमचा फोटो स्टुडिओ आहे. आजोबा गिरणीत होते. वडिलांनी गिरणीत जायला नकार दिला आणि हे दुकान टाकलं. आता ते मी चालवते. पासपोर्टचे फोटो, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो, डोहाळजेवणं, बारशी, आणि गणपतीच्या आधी मंडळांच्या कार्यकर्त्यांचे बॅनरसाठीचे फोटो. कार्यकर्ते पांढरा शर्ट घालून येतात, हात जोडून उभे राहतात आणि मी त्यांना हनुवटी जरा खाली घ्यायला सांगते. हे सगळं रंगीत. कृष्णधवल फोटो मी फक्त माझ्यापुरते काढते, वडिलांच्या जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्याने. धुते दुकानाच्या पोटमाळ्यावरच्या डार्करूममध्ये. तिथल्या अर्ध्या जागेत आता फ्रेमची खोकी रचलेली असतात आणि मला अंग चोरून उभं राहावं लागतं.

जुन्या घरांचे फोटो काढायला लागले ते एका कादंबरीमुळे. ती कुठली, हे मला आजही सांगता येत नाही. आमच्या चाळीतल्या मंडळाच्या वाचनालयात ती होती. मूळ कव्हर गेलेलं, सुरुवातीची बरीच पानं गेलेली, बाइंडरने वरून जाड पुठ्ठा चिकटवलेला. त्यामुळे गोष्ट सुरू व्हायची ती मधूनच, एका वाक्याच्या शेपटापासून. कुणीतरी जिना चढत होतं. गिरगावातलं एक घर, बाहेरून वर जाणारा लाकडी जिना, वरच्या मजल्यावर लांब सज्जा. घरात दोन बहिणी, एक वर राहणारी, एक खाली, आणि दोघींचं बोलणं बंद. घडायचं काहीच नाही. संध्याकाळ व्हायची, वरची सज्ज्यात येऊन उभी राहायची, खालचीला वरची पावलं ऐकू यायची. मी शाळेत होते, अर्ध्याहून जास्त कळलं नसेल. पण ते घर डोक्यात बसलं, आणि बसलं ते बिनरंगाचं. आमच्या चाळीत पोपटी भिंती होत्या, गुलाबी पडदे होते, दारादारांत लाल-पिवळ्या बादल्या. पुस्तकातल्या घराला रंगच नव्हता. फक्त उजेड आणि काळोख.

माझी शाळेपासूनची एक मैत्रीण दादरच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. दोन-तीन वर्षांपूर्वी तिच्या विभागाचा कार्यक्रम होता. तिच्या मनात आलं की पुस्तकांत वाचलेल्या जुन्या घरांचं एक प्रदर्शन करावं. घरं आपल्या इथलीच, फोटो कृष्णधवल, आणि मुलांनी शेजारी उभं राहून त्या त्या पुस्तकातला उतारा वाचायचा. फोटो मी काढावेत असं तिने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. मी हो म्हटलं. मला वाटलं, सोपं आहे. पासपोर्टच्या फोटोत माणूस हलतो. घर निदान एका जागी उभं तरी राहतं.

सोपं नव्हतं. दुकान उघडायच्या आधी मी कॅमेरा घेऊन गिरगावातल्या वाड्यांमधून हिंडायचे. कधी परळच्या आतल्या गल्ल्या, कधी काळाचौकी, एकदा कॉटन ग्रीनच्या गोदामांच्या बाजूला. जुनी घरं मिळायची, पण पुस्तकातली मिळायची नाहीत. कठड्याची नक्षी सुंदर असायची आणि नेमका तिच्यावर एसीचा डबा बसवलेला. जिन्याच्या कोपऱ्यावर सकाळचा तिरका उजेड यायचा आणि तिथेच निळी ताडपत्री. मैत्रिणीला फोटो दाखवले की ती म्हणायची, छान आहेत, पण यांत कुणीतरी राहतंय असं वाटतं. मी म्हणायचे, राहतंयच. ती म्हणायची, तसं नव्हे गं. आणि कसं, ते तिलाही सांगता यायचं नाही. मला खरंच कळेनासं झालं होतं की आपण काय शोधतोय. जुनं घर हवंय की रिकामं, की माणसं असूनही रिकामं दिसणारं.

ते घर सापडलं तेव्हा मी दुसऱ्याच घराकडे निघाले होते. गिरगावातल्या एका वाडीत, शेवटच्या वळणानंतर, दोन मजल्यांचं लाकडी घर. बाहेरून वर जाणारा जिना होता, वर लांब सज्जा होता. मी जागच्या जागी थांबले. खाली एक शिंप्याचं दुकान, बाकी पाच-सहा बिऱ्हाडं. सज्ज्याला प्लास्टिकच्या कुंड्या, छपराखाली डिश अँटेना, दोरीवर टॉवेल. वरच्या मजल्यावर सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या, गाऊनवर ओढणीसारखा पंचा घेतलेल्या. मी खालूनच विचारलं, काकू, घराचा फोटो काढू का. त्या म्हणाल्या, काढ की, त्यात काय विचारायचंय. आणि तिथेच उभ्या राहिल्या.

मी फोकस लावत होते तेवढ्यात वाडीच्या तोंडाशी मोटारसायकलसारखा आवाज आला. डासांचा धूर मारणारा माणूस आला होता, खांद्याला यंत्र अडकवून. तो प्रत्येक दाराशी, प्रत्येक गटाराशी नळी धरत पुढे सरकत होता. रॉकेलसारखा वास आला, लोकांनी पटापट खिडक्या लावल्या, आणि बघता बघता ते घर खालून वर धुरात बुडत गेलं. आधी शिंप्याचं दुकान गेलं, मग जिन्याच्या पायऱ्या. जिना धुरातून निघून वर कुठेतरी चालल्यासारखा दिसायला लागला. काकू मात्र आत गेल्या नाहीत. त्यांनी पंच्याचं टोक तोंडावर दाबलं, मान खाली घातली, एक हात कठड्यावर ठेवला. मी चार-पाच फोटो काढले. डोळ्यांतून पाणी येत होतं, काय काढतेय ते धड दिसतही नव्हतं. धूर विरला तेव्हा काकू वरून म्हणाल्या, चहा घेऊन जा. मला दुकान उघडायचं होतं, मी पुन्हा येईन म्हटलं.

त्या रात्री जेवून मी पोटमाळ्यावर गेले. लाल दिव्याखाली डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागदावर ते घर वर येऊ लागलं. आधी कठडा, मग काकूंचा हात, मग जिना. हेच घर. कुठूनही न सुरू होणाऱ्या त्या कादंबरीतलं. फक्त डिश अँटेना नको होती. पुढचा कागद घेतला तेव्हा छपराच्या भागाला मी जास्त वेळ उजेड दिला, तो काळा झाला, अँटेना त्यात बुडाली. मग कडाही गडद केल्या. टॉवेल धुरात आधीच गेला होता. शेवटच्या प्रिंटमध्ये एक घर होतं, खाली धुकं, वर काळोख, आणि सज्ज्यात तोंड झाकून रडणारी एक बाई. मी तो फोटो वाळत लावला आणि बराच वेळ बघत बसले. आनंद झाला होता, पण काहीतरी चुकतंय असंही वाटत होतं. खोटं मी काहीच घातलं नव्हतं. धूर होता, बाई होती, हात होता. तरी हे सकाळी मी जे बघितलं ते नव्हतं.

सकाळी आईला दाखवला. तिने चष्मा लावून बघितला आणि विचारलं, "ह्या काय काढलंस गो? घराक आग लागली काय?"

मी सांगितलं, डासांचा धूर आहे. ती बरं म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

मैत्रिणीने मात्र फोटो हातात धरला आणि नुसती मान हलवली. प्रदर्शनात तो मधोमध लागला. खाली पुस्तकाचं नाव लिहायची पंचाईत झाली, तेव्हा तिने लिहिलं, "नाव हरवलेल्या एका कादंबरीतलं घर". उतारा वाचायला काही नव्हतंच. इतर फोटोंपाशी मुलं वाचत होती, या फोटोपाशी शांतता. त्यामुळे लोक तिथेच जास्त थांबायला लागले.

मी जरा बाजूला उभी राहून ऐकत होते. एक गृहस्थ ठामपणे सांगत होते की हे घर त्यांच्या मामांचं, ठाकूरद्वारला होतं आणि ते पाडून जमाना झाला. मी त्यांना म्हटलं, हे अजून उभं आहे. त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. एका तरुण मुलीने विचारलं, त्या आजी गेल्या का. मी म्हटलं, नाही, चांगल्या आहेत, मला चहाला बोलावत होत्या. ती थोडी हिरमुसली. मला वाटायला लागलं की खरं सांगून मी लोकांचा विरस करतेय. म्हणून नंतर कुणी काही विचारलं की मी नुसती हसायचे. धुराबद्दल तर मी कुणाला बोललेच नाही. कुणी विचारलंही नाही. सगळ्यांना ते धुकं वाटत होतं. गिरगावात धुकं कुठून येणार, हा प्रश्न एकाच्याही मनात आला नाही.

मुलांनी त्या फोटोचे मोबाइलवर फोटो काढले आणि ते पुढे सगळीकडे फिरले. फिरत फिरत ते त्या वाडीतही पोचले.

प्रदर्शन संपल्यानंतर काही दिवसांनी दुकानात एक साठी उलटलेले गृहस्थ आले. मला वाटलं पासपोर्टचा फोटो. त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर माझा फोटो होता. म्हणाले, मी या घरात पहिल्या मजल्यावर राहतो. आता हे रागावणार, परवानगी न घेता आमचं घर चव्हाट्यावर का मांडलंत म्हणणार. परवानगी मी वरच्या काकूंची घेतली होती, यांची नाही. पण ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही आमच्यावर उपकार केलेत. घराची इतकी वाईट अवस्था आजपर्यंत कुणालाच दाखवता आली नव्हती."

हे कौतुक होतं की काय होतं, मला समजेना. मग त्यांनी सविस्तर सांगितलं. घर रिडेव्हलपमेंटला द्यायचं चाललं होतं. बिल्डर तयार होता, बरीच बिऱ्हाडंही तयार होती, पण दोघा-तिघांची संमती अडली होती. त्यांचं म्हणणं, घर मजबूत आहे, डागडुजी करू. या काकांनी मोबाइलवर तडे गेलेल्या भिंतींचे, कुजलेल्या वाशांचे खूप फोटो काढून दाखवले होते. पण रंगीत फोटोत सगळं बरंच दिसतं, अशी त्यांची तक्रार. माझ्या फोटोत मात्र घर आत्ता कोसळेल असं दिसत होतं. त्यांना तो मोठा करून हवा होता, सभेत लावायला.

मी म्हटलं, काका, तो फोटो घर पडायला आलंय म्हणून काढलेला नाही. ते म्हणाले, कशाला का काढलेला असेना, दिसतंय ना. मी मोठी प्रिंट करून दिली.

पुढच्याच आठवड्यात वरच्या काकू आल्या. साडी नेसून, केसांत अबोलीचा गजरा, एकदम वेगळ्या. मी ओळखलंच नाही. त्यांनीच आठवण दिली की तू चहाला आली नाहीस. त्यांनाही फोटो हवा होता, मोठा. म्हणाल्या, आमच्यातले घर सोडा, पाडा म्हणणारे रोज तड्यांचे फोटो दाखवतात. आता मीही दाखवते, बघा म्हणावं आपलं घर किती देखणं आहे. अशी घरं आता राहिलीत कुठे.

मी त्यांना सांगून टाकलं की खालचे काकाही हाच फोटो घेऊन गेलेत.

"हाच? पण भावजी तर पाडा म्हणतात."

मी म्हटलं, हो, त्यासाठीच नेलाय. त्यांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन बघितला, जणू त्यात दुसरं काही दडलेलं आहे. मग म्हणाल्या, नेऊ दे, मलाही दे. मी धीर करून विचारलं की तुम्ही यात रडताय असं लोकांना वाटतं, तुम्हाला चालेल का. त्या हसल्या. म्हणाल्या, मी कुठे रडतेय, शिंक येत होती आणि येईना. पण मी बरी दिसतेय यात.

काका आणि काकूंमध्ये भांडण असेल असं मी धरून चालले होते. तसं काहीच नव्हतं. काकूंचे यजमान आणि हे काका जन्माचे मित्र. यजमान गेल्यापासून काकूंची औषधं काकाच आणून देत होते, आणि काकूंकडे घावणे झाले की पहिली थाळी खाली जायची. फक्त घराचा विषय निघाला की दोघं समोरासमोर. हेही मला त्या वेळी उलगडलं नाही. पुस्तकातल्या बहिणी एका घरात राहून बोलत नव्हत्या. इथे दोघं रोज बोलत होते आणि एकजण दुसऱ्याचं घर पाडायला निघाला होता.

सभेचं बोलावणं मला दोघांकडूनही आलं. मैत्रीण म्हणाली, जाऊ नकोस, तुझा काय संबंध. नवराही तेच म्हणाला. मी गेले. माझ्या फोटोचं काय होतंय ते बघायचं होतं.

रविवारी सकाळी वाडीच्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बिऱ्हाडांतली सगळी माणसं, बिल्डरकडचा एक तरुण, आणि सभा चालवायला शिंपीदादा, कारण ते कुठल्याच बाजूचे नव्हते. काकांनी त्यांची प्रिंट शिंप्याच्या फळीला टेकवून उभी केली. काकूंनी त्यांची आणली आणि जागा शोधायला लागल्या. दुसरी बरी जागा नव्हतीच. शेवटी काकांनीच स्वतःचा फोटो थोडा सरकवला आणि काकूंचा शेजारी ठेवायला मदत केली. एकाच फोटोच्या दोन प्रती शेजारी शेजारी. कुणीही हसलं नाही. मला मात्र कुठे बघावं ते कळेना.

काका बोलले. घर कसं धोक्याचं आहे ते फोटोवर बोट ठेवून दाखवलं. ते ज्याला तडा म्हणत होते ती जिन्याची सावली होती, पण मध्येच बोलणं मला प्रशस्त वाटेना. मग काकू बोलल्या. हा सज्जा, हा कठडा, इथे मी लग्न होऊन आले तेव्हा उभी राहिले होते, असं त्या फोटोकडे बघून सांगत होत्या, आणि खरा सज्जा त्यांच्या मागेच, वीस-पंचवीस पावलांवर होता. कुणीच मान वळवून त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळे फोटोकडे बघत होते.

वाद वाढायला लागला तेव्हा शिंपीदादा माझ्याकडे वळले. म्हणाले, "ताई, तुम्हीच सांगा. घर पडायला झालंय म्हणून फोटो काढलात, की जपायला हवं म्हणून?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, एका पुस्तकातल्या घरासारखं दिसलं म्हणून काढला. मागून एका बाईंनी विचारलं, त्या पुस्तकात शेवटी घराचं काय झालं.

मला पहिल्यांदाच जाणवलं की हा विचार मी कधी केलाच नव्हता. शेवटची पानं पुस्तकात होती, मी ती वाचलीही होती. आठवायचा प्रयत्न केला. म्हटलं, शेवटी शेवटी ती माणसं दुसरीकडे राहायला जातात. घराबद्दल पुढे काही लिहिलेलं नाही.

"म्हणजे तिथेही रिडेव्हलपमेंटच," शिंपीदादा म्हणाले.

यावर मात्र सगळे हसले, काकूसुद्धा. त्या दिवशी काहीच ठरलं नाही. चहा आला, कांदेपोहे आले, दोन्ही प्रिंट एकावर एक ठेवून कुणीतरी शिंप्याच्या दुकानात नेऊन ठेवल्या. निघताना काका मला म्हणाले, तुम्ही आमच्या बाजूने बोललात, बरं झालं. वाडीच्या तोंडाशी काकूंचा हात खांद्यावर आला आणि त्याही तेच म्हणाल्या.

पुढे महिना-दोन महिन्यांनी काकूंनी संमती दिली. मला हे काकांकडून कळलं. त्यांच्या मते बिल्डरने लिफ्ट दाखवली तिथेच काम झालं, कारण काकूंचे गुडघे दुखत होते. मी काकूंना भेटायला गेले तेव्हा त्यांनी लेकाचं नाव सांगितलं, तो बदलापूरहून सारखा मागे लागला होता म्हणाल्या. चहा झाला, बोलणं इकडे तिकडे गेलं, आणि मी उठायला लागले तेव्हा त्या आपण होऊन म्हणाल्या, "तो तुझा फोटो मी इथे भिंतीला लावला होता. रोज दिसायचा. मी किती दमलेय गं त्यात."

मी म्हटलं, काकू, तुम्हाला शिंक येत होती.

त्या म्हणाल्या, हो, येत होती.

एवढंच बोलून त्यांनी कप उचलले आणि आत गेल्या. मी घरी येताना सगळ्या रस्त्यात तेच मनात घोळवत होते. शिंक खरी होती. फोटोतला थकवा माझ्या कडा काळ्या करण्यातून आला होता, धुरातून आला होता. आणि तरी एका बाईला त्यात स्वतःचा थकवा दिसला होता आणि तिने सही केली होती. हे सगळं मी केलं का? की तो थकवा आधीपासून होताच आणि फोटोत नकळत उतरला? मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, साहित्यात असंच होतं. मला तिचं म्हणणं पटलं नाही आणि खोडूनही काढता आलं नाही.

घर रिकामं करायच्या आधी सगळ्यांनी मला बोलावलं, एकत्र फोटो काढायला. फोन काकांनी केला होता आणि बजावलं होतं की रंगीतच हवा. सगळी बिऱ्हाडं नवे कपडे घालून जिन्यावर बसली. काकूंनी मोरपिशी पैठणी नेसली होती. प्लास्टिकच्या कुंड्या मुद्दाम पुढे आणून ठेवल्या होत्या. मी नेहमीच्या सवयीने हनुवट्या खाली घ्यायला सांगितल्या, सगळ्यांनी घेतल्या. त्या फोटोत डिश अँटेना स्पष्ट दिसते. तो फोटो सगळ्यांनी घरोघर लावला आहे.

बिऱ्हाडं गेल्यावर मी एकदा एकटी तिथे गेले होते. मनात होतं की आता घर खरंच रिकामं आहे, आता ते पुस्तकातल्यासारखं दिसेल. अर्धं रीळ संपवलं. प्रिंट काढल्या तेव्हा त्यात एक रिकामी इमारत होती. दारं काढून नेलेली, भिंतींवर देवघरांचे आणि कॅलेंडरांचे चौकोन. कडा गडद करून पाहिल्या, फिक्या करून पाहिल्या. काही केल्या ती इमारतच राहिली. मैत्रिणीने पुढच्या वर्षासाठी फोटो मागितले होते, त्यांतला एकही मी तिला दाखवला नाही. नुसतं सांगितलं की नाही जमलं. तिला वाटलं, मी आळस करतेय.

काकू आता लेकाकडे बदलापूरला आहेत, फोनवर बोलणं होतं. काका भाड्याने काळाचौकीला आले, आमच्या दुकानापासून लांब नाही. पण त्यांचा मुक्काम असतो गिरगावात. रोज सकाळी बसने जातात आणि पत्रे ठोकलेल्या त्या जागेपाशी उभे राहतात. मागच्या महिन्यात मी फिल्म आणायला फोर्टला गेले होते, येताना वाकडी वाट करून तिकडे उतरले. काका होतेच. पत्र्याच्या फटीतून आत बघितलं तर मोठा खड्डा, तळाशी पाणी, पंप चालू. पलीकडच्या इमारतीची मागची बाजू उघडी पडली होती, तिथल्या मोऱ्यांच्या खिडक्या आणि नळ दिसत होते.

काकांनी मला बाजूला घेतलं आणि वर बोट दाखवलं. म्हणाले, तो बघ माझा हॉल. त्याच्या उजवीकडे किचन. वहिनींचं दार समोर येतं, मधे लिफ्ट. खिडकीतून सकाळचं ऊन येणार, मी आर्किटेक्टला विचारून घेतलंय. चपलांचं कपाट दाराच्या डावीकडे ठेवावं की आत, एवढंच ठरत नव्हतं. काका दाखवत होते तिथे मी बघितलं. वर एक क्रेन होती आणि आभाळ. मी विचारलं, डावीकडे म्हणजे लिफ्टच्या बाजूला का. ते म्हणाले, नाही नाही, ही बघ भिंत, आणि हाताने हवेत भिंत दाखवली. मी हो म्हटलं. मग ते बाल्कनीकडे वळले, आणि तिथे वाळत घालायच्या दोऱ्या कशा लावायच्या हे सांगायला लागले. ऊन डोक्यावर आलं होतं. मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि ऐकत उभी राहिले.